बार मित्सवा: हॉलचा ॲडव्हान्स नंतर, आधी डिस्चार्ज कार्ड शोधा

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. त्यांचा मुलगा पुढच्या डिसेंबरमध्ये १३ वर्षांचा होतोय, म्हणजे बार मित्सवा करायचाय, ज्यू मुलगा धर्माच्या हिशोबाने मोठा झाल्याचं कार्य. इस्राएलमधल्या दिमोना आणि अश्दोदहून चाळीसेक नातेवाईक येणार आहेत. मिस्टरांना अडीचशे माणसांचा हॉल, स्टेज आणि डीजे हवाय. सासूबाई म्हणतात, घरी मलिदा, म्हणजे गोड पोह्यांच्या ताटाचा आपला विधी, झालाच पाहिजे. शेजारी आणि ऑफिसची मंडळी आपल्या समाजाची नाहीत, त्यांना काय वाढायचं आणि काय समजावायचं हा प्रश्न आहे. मुलगा म्हणतो, "मला यातलं काहीच नको." आणि हॉलवाला म्हणतो, डिसेंबरच्या तारखा भराभर जाताहेत, आठ दिवसांत ॲडव्हान्स द्या. तर देऊ का?

ताई, आठ दिवस थांबा. मी बावीस वर्षं ठाणे, मुंबई, पनवेल, पेण या पट्ट्यात आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांतली कार्यं उभी करते. लग्नं, मेंदी, सुंता, मलिदे, आणि बार मित्सवा. या सगळ्यांत मला सर्वांत अवघड बार मित्सवा वाटतो, कारण लोक तो छोट्या लग्नासारखा आखतात. लग्नात नवरा-नवरीने वेळेवर येऊन उभं राहिलं की बाकीचं आपण निभावून नेतो. इथे १३ वर्षांच्या पोराला सगळ्या समाजासमोर उभं राहून तोरा, म्हणजे आपला हिब्रू धर्मग्रंथ, वाचायची असते. त्या दिवशी खरं काम त्याला आहे, आपल्याला नाही. त्यामुळे हॉल, जेवण, गाणी, पाहुणे या सगळ्यांची जुळणी एका गोष्टीभोवती करायची: वाचनाच्या सकाळी मुलगा झोप झालेला, पोटात काही गेलेला आणि घसा शाबूत असलेला असला पाहिजे. मी सगळं याच क्रमाने ठरवते, आणि तुम्हीही ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

एका घरी काय झालं ते सांगते. शनिवारी वाचन, आणि पाहुण्यांच्या विमानाच्या सोयीने पार्टी गुरुवारी रात्री घेतली. डीजे जोरात, मुलगा मित्रांबरोबर तीन तास ओरडत नाचला. शुक्रवारी घसा बसला. शनिवारी तेव्यावर, म्हणजे वाचनाच्या ओट्यावर, उभा राहिला तेव्हा हातातली चांदीची याद (वाचताना ओळ दाखवायची काडी) थरथरत होती आणि ओठ हलत होते, पण आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नव्हता. प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, त्याच्याबरोबर एकेक शब्द म्हटला. वाचन पूर्ण झालं. पण वर्षभर त्याने जो सूर घोटला होता तो कुणालाच ऐकू आला नाही. मी तेव्हा पार्टीच्या तारखेला हो म्हटलं होतं, याची मला आजही खंत आहे. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: वाचन आधी, पार्टी नंतर. त्याला अपवाद नाही.

आता तारीख. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीचं सगळं हिच्यावर बसतं.

मुलाचा १३वा वाढदिवस इंग्रजी कॅलेंडरने धरायचा नसतो, हिब्रू पंचांगाने धरायचा असतो. दोन्हींत किती अंतर पडतं याचं एक उदाहरण देते. २०१३ साली रोश हशाना, आपला नव्याचा सण, ५ सप्टेंबरला होता. त्या दिवशी सकाळी जन्मलेल्या मुलाला हिब्रू हिशोबाने १३ वर्षं पूर्ण होतात २०२६च्या १२ सप्टेंबरला. म्हणजे केकवरच्या तारखेनंतर आठवड्याने. आणि त्या तारखेच्या आधी त्याला तोरा वाचायला बोलावता येत नाही. नंतर कितीही दिवसांनी चालतं, आधी नाही. अदार महिन्यात जन्मलेल्या मुलांचा हिशोब आणखी वेगळा, कारण १९ वर्षांत ७ वेळा अदार दोनदा येतो. तुमचा डिसेंबर असल्याने तो गुंता तुम्हाला नाही.

तुम्हाला दुसरा गुंता असू शकतो, तो जन्माच्या वेळेचा. आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. मुलगा संध्याकाळी सात वाजता जन्मला असेल, तर हिब्रू तारीख दुसऱ्या दिवसाची लागते. म्युनिसिपालटीच्या जन्मदाखल्यावर वेळ बहुधा नसते. वेळ सापडते हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर, नाहीतर सासूबाईंच्या डायरीत. म्हणून म्हटलं, आधी कार्ड शोधा. ते घेऊन हजानांकडे जा, ते तारीख आणि त्या आठवड्याचा पाराशा, म्हणजे तोरातला वाचायचा भाग, दोन्ही काढून देतील. पाराशा कळला की मुलाला किती वाचायचंय ते कळतं, आणि मगच तयारीला किती महिने लागतील हे सांगता येतं. माझ्या पाहण्यात हिब्रू अक्षरं आधीपासून ओळखणाऱ्या मुलाला आठ-नऊ महिने पुरतात, अक्षरांपासून सुरुवात असेल तर वर्ष सव्वा वर्ष धरा.

आता वार. तोरा सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी वाचली जाते, शिवाय रोश होदेशला (हिब्रू महिन्याच्या सुरुवातीला) आणि हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या आठही दिवशी. शनिवारचं वाचन मोठं असतं, हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा) असते, समाज आपणहून जमलेला असतो. पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम, विस्तव आणि वीज वर्ज्य. तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या) बांधत नाहीत, फोटो नाही, व्हिडिओ नाही, माइक नाही. गुरुवारी वाचन छोटं, पण मुलगा सगळ्यांसमोर पहिल्यांदा तेफिलीन बांधतो, आणि ते बघायला, त्याचा फोटो काढायला मिळतो. इस्राएलमध्ये कितीतरी घरं याच कारणाने सोमवारी नाहीतर गुरुवारी यरुशलेमच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी बार मित्सवा करतात. तुमच्या पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं असेल.

लाजाळू मुलासाठी मी नेहमी दोन्ही सुचवते. गुरुवारी सकाळी घरची माणसं आणि मिन्यानपुरते, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या १० पुरुषांपुरते, लोक, तेफिलीन आणि छोटं वाचन. मुलाची भीती तिथे मोडते. मग शनिवारी समाजासमोर हफ्तारा. मात्र गुरुवार घेतलात तर मिन्यानची काळजी तुमची. शनिवारी १० पुरुष आपोआप येतात, गुरुवारी सकाळी साडेसातला येतीलच असं नाही. दहा नव्हे, चौदा नावं लिहा आणि आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करा. इस्राएलचे पाहुणे त्यात धरा, पण विमान चुकू शकतं हे लक्षात ठेवून. मुलालाही सांगा की १३ पूर्ण झाले की या दहांत तोही मोजला जाणार. आपण आता थोडे उरलो आहोत. कितीतरी सकाळी नऊ जण बसून दहाव्याची वाट बघत असतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं असेल तर त्याला जास्त समजवावं लागत नाही. "मला काहीच नको" म्हणणाऱ्या एका मुलाला त्याचे आजोबा अशाच एका सकाळी बरोबर घेऊन गेले होते. तो दाराशी बसून नऊ माणसं मोजत राहिला. पुढे त्याने स्वतःहून विचारलं, मी कधीपासून मोजला जाणार.

आता पार्टीचा दिवस. मिस्टरांच्या डोक्यात शनिवार रात्र असणार, सगळ्यांच्या असते. दिसायला सोपं दिसतं: तारे दिसले, शब्बाथ संपवणारी हव्दाला झाली, साडेसातला हॉलवर. डिसेंबरात वेळ जमतेही. जून-जुलैत तर सूर्यच सव्वासातला मावळतो, आणि रात्री १० नंतर स्पीकर बंद, म्हणजे हातात दीड तास उरतो. पण डिसेंबरातही माझी हरकत आहे ती जेवणाला. शनिवारी रात्री आठला अडीचशे पानं वाढायची तर भट्टी शनिवारी दुपारी दोनला पेटणार. आपल्या घरच्या कार्याचा स्वयंपाक शब्बाथला शिजणार. तुमच्या घरात हे कितपत पाळतात हे तुम्ही जाणता, पण दिमोनाहून येणाऱ्या चाळिसांत चार जण तरी असे असतील की जे त्या पानावर हात लावणार नाहीत, आणि लाजेखातर बोलणारही नाहीत. त्यापेक्षा रविवार दुपार घ्या. स्वयंपाक रविवारी सकाळी होतो, म्हातारी माणसं दिवसाउजेडी घरी जातात, मुलांची शाळा बुडत नाही, आणि दुपारचा हॉल बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा स्वस्त पडतो. मुख्य म्हणजे मुलगा मोकळा असतो. त्याचं वाचन झालेलं असतं. मग नाचू दे त्याला किती नाचायचं ते.

म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर तुमचे चार दिवस असे आहेत: गुरुवारी सकाळी मशिदीत (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) तेफिलीन आणि चहा-नाश्ता, गुरुवारी संध्याकाळी घरी मलिदा, शनिवारी वाचन आणि किद्दुश (वाचनानंतरचा द्राक्षरसावरचा आशीर्वाद आणि खाणं), रविवारी दुपारी हॉल. हॉलला याच शनिवारनंतरच्या रविवारची चौकशी करायची, आणि ती हजानांनी तारीख दिल्यावर.

मलिद्याबद्दल सासूबाईंशी मी पूर्ण सहमत आहे. आपण इस्राएलहून, अमेरिकेहून पार्टीच्या कल्पना आणतो, पण मलिदा हे आपलं स्वतःचं. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, रथाच्या खुणा असलेला खडक, ही सगळी आठवण त्या एका ताटाभोवती जमते. इस्राएलमध्ये वाढलेल्या नातवंडांनी मलिदा तिथेही पाहिलेला असतो. पण ठाण्याच्या घरात, आजीच्या हातचा, ही गोष्ट वेगळी.

साठ माणसांसाठी माझा अंदाज: अडीच किलो जाडे पोहे, ८ नारळ, दीड किलो साखर, पाव किलो बेदाणे, तेवढेच बदाम-पिस्त्याचे काप, आणि ताजी कुटलेली वेलची. पोहे भिजत घालायचे नाहीत. चाळणीत घ्यायचे, वरून पाणी सोडायचं, हात फिरवायचा, निथळत ठेवायचे. पंधरा मिनिटांनी एक दाणा दोन बोटांत दाबून बघा. दबला पाहिजे, पण चिकटता कामा नये. नारळ दुपारी खवून ठेवू नका, उकाड्यात आंबतो. संध्याकाळी पाहुणे चपला काढत असताना खवलेला नारळ आणि साखर पोह्यांत घालायची, कारण साखर आधी घातली की पाणी सुटतं आणि मलिद्याचा लगदा होतो. ताटात मधोमध मलिदा, भोवती फळं: खजूर, सफरचंद, संत्री, चिकू, केळी. केळी वेगळ्या बाजूला ठेवा. झाडाच्या फळाची बराखा (खाण्याआधी म्हणायचं आशीर्वचन) वेगळी आणि जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, आणि केळं जमिनीच्या बाजूला मोजलं जातं. मुलाला हे आधी सांगून ठेवलंत तर त्याला हजानांच्या शेजारी बसून फळं हातात द्यायचं काम करता येतं. बोलायचं काही नाही, पण ताटाचा ताबा त्याच्याकडे. लाजाळू मुलं हे काम फार मन लावून करतात, मी कितीदा पाहिलंय. सुवासासाठी गुलाब किंवा सब्जाची पानं. आणि एलियाहू हनाबीचं गाणं आजीने सुरू करायचं, स्पीकरवर लावायचं नाही.

खाण्याचं आता. तत्त्व तुम्हाला माहीत आहेच: गोश्त आणि दूध एका जेवणात नाही, मासे खवले आणि पर असलेले, कोळंबी-खेकडे-शिंपल्या नाहीत. अडचण तत्त्वाची नसते, केटररच्या हाताच्या सवयीची असते. एका कार्यात आम्ही चिकनचा मेन्यू ठरवला होता. शोहेतने (धर्माच्या रीतीने कापणाऱ्याने) कापलेली कोंबडी, खारवून घेतलेली, रस्सा नारळाच्या दुधाचा, सगळं नीट. केटररला तीनदा सांगितलं, दूध-दही नको. त्याने दही आणलं नाही. पण तंदूरवाल्या पोराने सवयीने प्रत्येक नानवर लोण्याचा ब्रश मारला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण त्याच्या दृष्टीने लोणी म्हणजे दूध नव्हे. शंभर नान बाजूला काढावे लागले. तेव्हापासून मी केटररच्या मालकाशी नाही, आचाऱ्याशी आणि तंदूरवाल्याशी बोलते, आणि कार्याच्या सकाळी भटारखान्यातलं लोणी, तूप, पनीर, खवा, दूध पावडर यांचे डबे स्वतः बाहेर काढून ठेवते.

तुमच्या बाबतीत माझा कौल गोश्ताशिवायच्या मेन्यूला आहे. पाहुणे मिसळीचे आहेत, निम्मे शाकाहारी असतील, हॉल दुसऱ्याचा, भांडी दुसऱ्याची. गोश्त नसलं की दुधाचा प्रश्न सुटतो. चहा दुधाचा चालतो, कुल्फी चालते, केक कुठलाही चालतो. मासे ठेवा: तळलेलं पापलेट, रावसाचं हिरवं कालवण नारळाच्या रसातलं, बरोबर वालाचं बिरडं, बटाट्याची सुकी भाजी, पुऱ्या, भात, आणि गोडाला चायना ग्रासचा हलवा. हा हलवा मी तेव्हाही नारळाच्या दुधातलाच करते, चव आपली लागते. मासा आणायला स्वतः जा किंवा माणूस पाठवा, आणि अंगावर खवले असलेला, न सोललेला दाखवून घ्या. गोश्त हवंच असेल, तर मग शेवटपर्यंत तीच बाजू धरा: आइस्क्रीम नाही, बुंदीचा रायता नाही, आणि केक तेलातला. केकवरच्या क्रीमचं पाकीट वाचा. दुधाविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्येही कधी कधी दुधाचं प्रथिन घातलेलं असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका अंडं आणि मांस नसल्याचं सांगतो, दूध नसल्याचं नाही.

फार कडक पाळणाऱ्या पाहुण्यांसाठी कुठल्याच हॉलचं जेवण चालत नाही, हे धरून चाला आणि मनाला लावून घेऊ नका. त्यांचं वेगळं, घरच्या किंवा मशिदीच्या स्वयंपाकघरात, नव्या भांड्यांत करा. काही घराण्यांत भांडं चुलीवर आपल्याच माणसाने चढवायचा नियम असतो. कुणाकडे कोणता नियम आहे ते आधीच फोन करून विचारा. विचारलेलं कुणाला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

शनिवारच्या किद्दुशचं सगळं शुक्रवारी सूर्यास्ताआधी शिजलेलं हवं. हॉटकेसमध्ये राहतील किंवा गार खाल्ले तरी चांगले लागतील असेच पदार्थ घ्या: तळलेले मासे, उकडलेली अंडी, पुऱ्या, बटाट्याची भाजी, चटणी सँडविच. किद्दुशला काळ्या मनुकांचं सरबत करा, वाइन शोधत बसू नका. एक किलो मनुकांना अडीच लिटर पाणी, रात्रभर भिजवायचं, हाताने कुस्करायचं, उकळी आणायची, गाळायचं. छोट्या पेल्यांत दीडशे माणसांना तीन किलो मनुका पुरतात. गुरुवारी रात्री भिजत घाला. शुक्रवारी सकाळी घरभर वास सुटतो, आणि तो वास आला की म्हातारी माणसं आपापल्या आईबद्दल बोलायला लागतात.

पाहुण्यांच्या राहण्याचं बघताना खोलीच्या भाड्याआधी मशिदीपासूनचं अंतर बघा. शनिवारी गाडीत न बसणारे नातेवाईक असतील, त्यांना चालत येता आलं पाहिजे. ठाण्याची मशीद, १८७९ची, अगदी वस्तीत आहे, आसपास लॉज मिळतात. त्यांना खालच्या मजल्यावरची खोली मागा, लिफ्ट लागू नये म्हणून. आणि दाराला कार्ड आहे की किल्ली हे विचारा. कार्ड म्हणजे वीज आली. एकदा एक वयस्क जोडपं शब्बाथभर खोलीबाहेर पडलं नाही, कारण दार मागे बंद झालं असतं तर कार्ड लावल्याशिवाय उघडलं नसतं. मशिदीच्या ट्रस्टींना पाहुण्यांची यादी आणि परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती आठवडाभर आधी द्या. २००८ पासून आपल्या मशिदींवर बंदोबस्त असतो, दाराशी खोळंबा नको.

शेजाऱ्यांना आणि ऑफिसच्या लोकांना काय सांगायचं? मराठीत एक पान छापा, आमंत्रणाबरोबर द्या. लोक हमखास विचारतात, "म्हणजे तुमची मुंज का?" त्यांना हो म्हणायला माझी हरकत नाही, वय आणि भाव जवळचाच आहे. फक्त एवढं सांगा की इथे मुलगा वर्षभर शिकून आलेलं स्वतः सगळ्यांसमोर वाचतो, आणि त्यानंतर वडील एक बराखा म्हणतात, की याच्या वागण्याच्या जबाबदारीतून मी आज मोकळा झालो, आता ती याची. हे वाक्य ऐकून बहुतेक आया-बाप गप्प होतात. त्याच पानावर लिहा: पुरुषांनी डोकं झाकायचं, टोप्या दाराशी मिळतील, बायकांची बसायची जागा वेगळी असेल, शनिवारी मोबाइल बंद, आणि पाकीट किंवा भेट शनिवारी आणू नका, रविवारी आणा. वाचन झाल्यावर मुलावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात, हेही लिहा, नाहीतर लोक दचकतात. गोळ्या मऊ घ्या. कडक पेपरमिंटने मी एका हजानांच्या चष्म्याची काच फुटलेली पाहिली आहे.

सजावट, आमंत्रणपत्रिका, फुगे यांवर मी फार बोलणार नाही, तुम्हाला आवडेल ते करा. रविवारच्या कार्यक्रमाबद्दल मात्र बोलते. डीजे ठेवा, पण पहिला तास त्याला देऊ नका. पहिल्या तासात जेवण, आजी-आजोबा, आणि मुलाचे तीन मिनिटांचे दोन शब्द. ते त्याने स्वतः लिहायचे. त्याच्या पाराशात काय आहे, त्याला त्यातलं काय पटलं, काय पटलं नाही, आणि कुणाचे आभार. मराठीत बोलू द्या आणि हिब्रू भाषांतर कागदावर छापून पाहुण्यांच्या पोरांना वाटा. तुमच्या घरात कुणाला आपली मराठी कीर्तनं येत असतील, योसेफाचं, मोशेचं, तर दहा मिनिटं ती ठेवा. आपल्या लोकांनी जवळजवळ दीडशे वर्षांपासून ती केली आहेत, आणि मराठी शेजारी त्या दहा मिनिटांत जेवढे आपले होतात तेवढे सगळ्या दिवसात होत नाहीत. तेरा मेणबत्त्यांची अमेरिकन पद्धत हल्ली पाहते मी. आपली नाही, पण हवी असेल तर रविवारी चालेल. खुर्चीवर उचलून नाचवणं मुलाला विचारूनच. हो म्हणाला तर हात असलेली लाकडी खुर्ची, आणि उचलणारे चारही जण एका उंचीचे. प्लास्टिकची खुर्ची कधीही नाही.

पैशांचं. रक्कम तुम्ही सांगितली नाहीत, आणि हॉल कोणता यावर ती दुपटीने बदलते, म्हणून आकडा देत नाही. पण कुठे कमी करायचं ते सांगते: अडीचशेचे दीडशे करा. ऑफिसमधले मोजके, शेजारी सगळे, नातेवाईक सगळे. वाचलेल्या पैशांतून सोमवारी चाळीस पाहुण्यांसाठी बस करा आणि अलिबागला जा. नवगाव, खंडाळ्याचा खडक, आणि इस्राएल आळीतली मशीद एका दिवसात होतं. ज्यांची नातवंडं नेगेवच्या वाळवंटात वाढली, त्यांना त्या खडकापाशी उभं राहिलेलं मी पाहिलंय. अशा दिवसापुढे शंभर जास्तीची पानं मला कधीच मोठी वाटली नाहीत.

मिस्टरांना एवढंच सांगा की हॉल मिळणार आहे, डीजेही मिळणार आहे, फक्त रविवारी. आणि मुलाला पार्टीबद्दल सध्या काही विचारू नका. हजानांकडून पाराशा कळला की त्याची पहिली ओळ त्यांच्याच आवाजात मोबाइलवर घेऊन या आणि त्याला ऐकवा. तो सूर त्याला जमतोय असं वाटलं, की कुणाला बोलवायचं ते तोच सांगायला लागेल.